नवं गाणं आणि बिअरची रांग

रॉक संगीतात गाण्यांचे दोनच प्रकार मान्य आहेत: लोकांना हवं असलेलं आणि बिअर आणायला जायचं. (तिसरा अद्याप आढळलेला नाही.)

अमेरिकेतल्या ओहायोचा गिटारवादक-गायक वेन स्टॉलर याच्याकडे पहिल्या प्रकारचं एकच गाणं होतं, अठ्ठ्याहत्तर सालचं. त्यात तो लोरेन नावाच्या मुलीला दार उघडायला सांगतो. गेली चव्वेचाळीस वर्षं सांगतोय. (लोरेन आता फ्लोरिडात नातवंडं सांभाळते.) मी त्याच्यामागे ड्रम वाजवतो, तेव्हा माहिती खात्रीची समजावी.

वेनने नवी गाणीही शंभरेक केली. पण "आता एक नवं गाणं" म्हटलं की आम्ही दरवर्षी वाजवतो त्या जत्रेतले चार हजार लोक शिस्तीत उठत. जत्रा समितीने तर आभाराचं पत्र धाडलं: नव्या गाण्यामुळे स्वच्छतागृहांचं नियोजन सुकर होतं, तरी ते पावणेपाचलाच घ्यावे.

त्या वर्षी वेनने बायको गेल्यावर लिहिलेलं गाणं आणलं. तारा जुळवताना मला म्हणाला, "अर्ल, एवढं एक बसून ऐकावं रे लेकांनी. नाहीतर गिटार खुंटीला टांगतो."

"नऊदा टांगलीस की!" मी म्हणालो. (निरोपाचे दौरे तितकेच झाले होते.)

"या वेळी खरंच."

मला फार वाईट वाटलं.

पावणेपाचला तो माइकवर म्हणाला, "मंडळी, आता एक जुनं गाणं. एकोणऐंशीचं. आठवतंय ना?"

कोणीही उठलं नाही. दुसऱ्या कडव्याला लोक सोबत गाऊ लागले. (शब्द चुकत होते, पण ते लोरेनच्या गाण्याचेही चुकतात.) पुढच्या रांगेतला एक टोपीवाला डोळे पुसत ओरडला, "वेन, अरे आमच्या लग्नात हेच वाजलं होतं!" त्याच्या बायकोने मान डोलावली.

कार्यक्रम संपल्यावर वेनला राहवेना. त्याने टोपीवाल्याला गाठून खरं सांगितलं, "दादा, हे मी गेल्या महिन्यात लिहिलंय."

टोपीवाला म्हणाला, "तरीच! एकोणऐंशीत तू जास्त चांगलं म्हटलं होतंस."

वेन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. गिटार काही त्याने टांगली नाही. आता तो महिन्याला एक गाणं करतो आणि त्याला साल मी नेमून देतो. ब्याऐंशीपर्यंतची सालं भरली आहेत. त्यापुढच्या सालांत तरुण असलेल्या वाचकांनी आपलं वर्ष कळवावं; गाणं तुम्हाला पाठ असेलच.