बेल एकदाच दाबायची

सासूबाईंना कमी ऐकू येऊ लागल्यापासून दाराची बेल वाजली तरी त्यांना पत्ता नसे. मग दार उघडल्याबरोबर सासरे बरसत. निवृत्त मुख्याध्यापकच ते! बेल एकदाच दाबायची, दुसऱ्यांदा दाबणं म्हणजे बेशिस्त, असा त्यांचा खाक्या.

चार दिवस राहायला आलेल्या जावयाला सासूबाईंना रोज बसणारी ही बोलणी ऐकवेनात. दोन रविवार व्हिडिओ बघून तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या इवल्याशा संगणकातला, तज्ज्ञ झाला होता, निदान स्वतःच्या मते. त्याने जुनी बेल उपटली. आता बटण दाबलं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागणार होता. शिवाय यंत्र जागं आहे हे कळावं म्हणून एक हिरवा दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकणार होता.

सासरे फिरायला गेले. जावई, लेक आणि सासूबाई दिव्यांसमोर खुर्च्या टाकून बसले. हिरवा इमानदारीत लुकलुकत होता. लाल मात्र ढिम्म.

"बाबांना आज उशीर झाला," लेक म्हणाली.

तेवढ्यात शेजारीणबाईंचा फोन आला. "अगं, तुमचे बाबा वीस मिनिटं दाराबाहेर उभे आहेत. भांडण झालंय का?"

लेकीने धावत जाऊन दार उघडलं. सासरे लालबुंद.

"कान आहेत की..." त्यांनी सवयीने सासूबाईंकडे मोहरा वळवला.

"दिवाच लागला नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या आणि जावयाकडे बोट दाखवलं.

मग जावयाची जी काही हजेरी घेतली गेली, ती पार कॉलनीने ऐकली. सासरे पाय धुवायला गेले, तेव्हा त्याने घाम पुसत लॅपटॉप उघडला.

"हिरवा लुकलुकला की दहा सेकंद थांब, असं सांगितलंय मी यंत्राला. त्या दहा सेकंदांत ते बटणाकडे बघतच नाही गं! आणि बाबांनी दाबलं एकदाच!"

"म्हणजे झोपतं?" लेकीने कपाळावर हात मारला. "मी दूध तापत ठेवून झोपते का? घड्याळाकडे बघत बाकीची कामं उरकते ना!"

"तेच करायला हवं होतं. घड्याळ बघायचं आणि मधे मधे बटणही. दोन मिनिटांत बदलतो."

सासूबाईंनी न्हाणीघराच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि अलगद लॅपटॉप मिटला.

"राहू द्या हो, जावईबापू. दार उशिरा उघडल्याची बोलणी चाळीस वर्षांत आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला बसली. तुम्ही परवा गेलात, की रोज फोनवर थोडीशी ऐकून घ्याल ना?"