बाबांची भरती

"पोरीला समुद्र दाखवायला समुद्रावर कशाला जायला हवं? समुद्रच घरी आणतो की!" शुक्रवारी सकाळी बाबांनी तोंडातल्या फेसासकट जाहीर केलं.

आई पेशानं दातांची डॉक्टर. ती दारात चपला सरकवता सरकवता थबकली. "आण हो. पण काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

ठरलं होतं ते असं. बाबा एका बड्या कंपनीत होते आणि शिकवणाऱ्या माणसांना शिकवावं कसं, हे शिकवत होते. चार वर्षांची भिंगरी पाळणाघरात जाणार म्हटल्यावर त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं आणि त्यांनी लांबलचक रजाच टाकली. आईनं त्यांना एक आठवडा दिला. "पाच दिवसांत एकदा जरी मला पेशंटचं तोंड उघडं टाकून घरी पळत यावं लागलं, तर सोमवारपासून पाळणाघर!" सोमवारी अवकाश झालं, बुधवारी जंगल झालं. सोफ्याला अजून ओल्या मातीचा वास येत होता, पण आईला पळत यावं लागलं नव्हतं. आता शुक्रवार तेवढा उरला होता.

बाबांनी बाथरूमच्या दारावर तक्ता चिकटवला. उद्दिष्ट, कृती, निष्पत्ती! मग टब अर्धा भरला. त्यात दोन पिशव्या मीठ आणि खायच्या निळ्या रंगाची अख्खी बाटली रिकामी केली. वर शिंपले सोडले आणि एक रबरी खेकडा.

"बाबा, गरम पाणी घे ना," भिंगरी म्हणाली.

"खऱ्या समुद्रात गीझर असतो का?"

आता समुद्र म्हटला की बेट हवंच. बाबा हाफपँटीवर टबात उताणे पडले. पोट तेवढं पाण्याबाहेर राहिलं, गोल, गुबगुबीत, बेंबीत खेकडा बसवायला आयतं. भिंगरी बादलीनं पाणी ओतायची, ती भरती. बूच काढायची, ती ओहोटी. बाबांनी गाणंही रचलं होतं:

"भरती आली वरती, बुडली सगळी धरती!
ओहोटी गेली खाली, वाळू उघडी झाली!"

चौथ्या भरतीला बाबांचे दात वाजायला लागले. "भिंगरे, जरा थांबूया का?"

"बेट बोलतं का?"

"नाही."

"हलतं?"

"नाही."

"मग गप पड! आणि डोळे मीट!"

शिक्षणापुढे थंडीची काय कथा! बाबा गप पडले. तेवढ्यात बेसिनवरचा त्यांचा फोन वाजला. भिंगरीनं तो उचलला. सासूबाईंचा होता.

"आजी! बाबा ना? बाबाची भरती झाली!"

बाबा मिटल्या डोळ्यांनी हसले. शब्द बरोबर!

"सकाळीच झाली… आता ना, ओहोटी लागलीय."

वा! दोन्ही शब्द, अगदी क्रमानं!

"बोलत नाहीये. हलत पण नाहीये. थांब हं, हात लावून बघते… गार आहे! आणि निळा पडलाय!"

निरीक्षण! स्पर्श! रंग! बाबांनी मनातल्या मनात तक्त्यावर तीन बरोबरच्या खुणा केल्या.

"पोट वर आलंय… आई कामावर गेलीय… नाही, मी नाही घाबरले. आता मी बूच काढणार, मग संपलं! ठेवते हं."

बाबांना भरून आलं. अशी लेक! आणि हिला म्हणे पाळणाघरात घालायचं!

पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, बाहेरचं दार धाडकन उघडलं. आई आत शिरली. हातात मोजे, गळ्यात मास्क. मागोमाग एक आडदांड टॅक्सीवाला, गालात कापूस कोंबलेला. खुर्चीतला पेशंट तोच होता आणि त्यानंच उठून डॉक्टरीणबाईंना टॅक्सीत घालून आणलं होतं.

टबात नवरा. निळा. डोळे मिटलेले. आईनं किंकाळी फोडली!

"पाय धला!" टॅक्सीवाला अर्ध्या बधिर तोंडानं ओरडला. "मी डोतं धलतो!"

बाबांना बाहेर ओढून फरशीवर आडवं केलं. टॅक्सीवाल्यानं त्यांच्या पोटावर दोन्ही हातांनी असा काही दाब दिला की बाबांच्या तोंडातून निळं कारंजं थेट छताकडे उडालं.

"देवमासा!" भिंगरीनं टाळ्या पिटल्या.

"अहो, सोडा! मी बेट आहे!" बाबा किंचाळले.

"भ्रम झालाय त्याला," आई रडत म्हणाली.

सगळा उलगडा व्हायला टॉवेल, चहा आणि सासूबाईंना तीन फोन लागले. "माझी आई फोनवर म्हणाली, जावई भरती झालाय, ओहोटी लागलीय, निळा पडलाय, आणि पोर म्हणतेय आता बूच काढते! काय समजायचं मी?"

"अगं, पण शब्द बघ ना! एक चुकला नाही! निष्पत्ती शंभर टक्के!"

"डॉत्तल," टॅक्सीवाला दारातून हळूच म्हणाला, "माधा दात?"

आईनं त्याच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, मग निळ्या नवऱ्याकडे. "सोमवारपासून पाळणाघर!"

बाबा मटकन खाली बसले. त्यांनी आपल्या निळ्या हातांत लेकीचे इवलेसे हात घेतले.

"भिंगरे, रडायचं नाही हं. तिथं बाबा नसतो, पण खूप मुलं असतात."

"तिथं समुद्र शिकवतात?"

"नाही गं."

"जंगल?"

"नाही."

"मग काय करतात?"

बाबांनी तिची बट कानामागे सारली. "काही नाही गं सोन्या… नुसतं खेळतात."

भिंगरीचे डोळे मोठ्ठे झाले. तिनं बाबांच्या हातातून हात सोडवले आणि आईचा पांढरा कोट ओढला.

"आई, उद्याच सोमवार आहे ना?"