तीनशे एकाहत्तरचे शिखर

जो माणूस एकाच जागी पुरेसा काळ बसून राहतो, त्याच्यापुढे निसर्ग कधी ना कधी आपले गुपित उघडतो, हे विज्ञानात सर्वमान्य आहे. (जागा बरोबर आहे की नाही, याचा विचार या सिद्धांतात केलेला नाही.)

रेणूंचे वजन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत एक रसायनशास्त्रज्ञ असेच तीस वर्षे बसून होते. काम तसे सरळ होते. चिमूटभर पदार्थ घ्यायचा, त्याच्या रेणूंना विजेचा चिमटा काढायचा आणि निर्वात नळीतून पिटाळायचे. हलके रेणू आधी पोचतात, जड मागून धापा टाकत येतात, आणि त्यावरून कागदावर शिखरे उमटतात. तरुणपणी सरांना तीनशे एकाहत्तर या वजनापाशी एक अनोळखी शिखर दिसले. मग ते पावसाच्या पाण्यात दिसले, विटेच्या चुऱ्यात दिसले, आकाशातून पडलेल्या दगडातही दिसले. जे सगळीकडे आहे ते मूलभूतच असणार, असा निष्कर्ष सरांनी काढला. विद्यार्थी त्यांनाच तीनशेएकाहत्तर म्हणू लागले. अर्थात प्रेमाने आणि पाठीमागे.

इतर प्रयोगशाळांना मात्र हे शिखर काही केल्या सापडत नसे. मग सर स्वतः जात, नमुना आपल्या हाताने तयार करत आणि शिखर दाखवून येत. (हातमोजे घालणे म्हणजे पदार्थावर अविश्वास दाखवणे, असे त्यांचे मत होते.) सर परतले की शिखर पुन्हा गायब. यावर ‘निरीक्षकाची परिपक्वता’ नावाचा त्यांचा एक स्वतंत्र शोधनिबंध आहे.

निवृत्तीच्या तोंडावर त्या रेणूला सरांचे नाव द्यायचे ठरले. समितीसमोर शिखर एकदा दाखवले की झाले. सरांनी आधी रंगीत तालीम घेतली, तर शिखर नाही! यंत्र धुतले, नळ्या बदलल्या, सहायकावर डाफरून झाले. कागद गुळगुळीतच.

घरी त्यांना घास गिळवेना.

“काय झालं हो?” बायकोने विचारले.

“माझा रेणू गेला.”

“अगं बाई! आणि हाताला भेगा पण पडल्यात पुन्हा. हे नवं मलम काही कामाचं नाही बघा. जुनं दुकानात मिळेना, म्हणून हे आणलं.”

सर आपल्या हातांकडे बघतच राहिले. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ते जुने मलम चोळून ते कामावर जात होते. तीस वर्षांचा रेणू, आणि तो डबीतला! त्यांना रडू आले.

“अहो, मलमासाठी कोणी रडतं का? दादाकडे असेल एखादी डबी. त्याच्या टाचा फुटतात.”

आता सरांपुढे दोनच मार्ग होते: खरे सांगणे किंवा मेहुण्याच्या टाचा. सर प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी दोन्हींचा गंभीरपणे विचार केला. हा विचार त्यांनी मेहुण्याच्या घराकडे जाताना वाटेत केला.

“एवढ्यासाठी धावत आलात, भावोजी?” मेहुणा म्हणाला. “आणि माझ्या टाचांचं काय?”

“विज्ञानासाठी सोसा थोडं,” सर म्हणाले.

समितीसमोर शिखर ताठ उभे राहिले. सगळ्या सदस्यांनी सरांचा हात हातात घेऊन, दाबून दाबून अभिनंदन केले, आणि आपापल्या प्रयोगशाळेत परतल्यावर प्रत्येकाला ते शिखर तिथेही सापडले. शोधाला स्वतंत्र पुष्टी मिळाली.

सरांच्या मनाला मात्र ते खात होते. सत्काराच्या दिवशी त्यांनी उभे राहून सांगूनच टाकले, “हा रेणू म्हणजे माझ्या हाताचं मलम आहे.” सभागृहात हशा पिकला. अशी नम्रता आता पाहायला मिळत नाही, असे अध्यक्ष सद्गदित होऊन म्हणाले, आणि रेणूला सरांचे नाव एकमताने देण्यात आले.

वाचकहो, तुम्हीही हसलात, हरकत नाही. घरचे लोक तिरसट, कचेरीतले तिरसट, शेजाऱ्यांचे तर विचारूच नका, हा तुमचाही शोध एव्हाना पक्का झालेला आहे. फक्त तिन्ही ठिकाणी नमुना कोणी हाताळला होता, तेवढे एकदा बघून घ्या.