ताहर, मी आणि माझं मौन

माझं सकाळचं मौन आजवर कुणालाही मोडता आलेलं नाही, असं मी अभिमानानं सांगायचे. स्नान झालं की जपमाळ गोमुखीच्या पिशवीत, उजवा हात तिच्यात, आणि जप संपेपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगला आग लागली असती, तरी मी वॉचमनला खुणेनंच सांगितलं असतं!

पण दोन हजार नऊमध्ये दुबईतल्या क्रेन थांबल्या, ह्यांची नोकरी खलास झाली आणि हेही मौनात गेले. माझं दुपारी सुटायचं, ह्यांचं सुटेना. सोफ्यावर पडून शंभर वर्षांपूर्वीच्या मोहिमा वाचत बसायचे. उंट, तंबू, आचारी घेऊन दुर्मीळ जनावरांमागे महिनोन्‌महिने हिंडणारे साहेब!

एका शुक्रवारी पहाटेच हे उठून म्हणाले, रास अल खैमाच्या डोंगरात ताहर नावाचा रानबोकड आहे, फार थोडे उरलेत, शोधायला जाऊ. मी लगेच दशम्या केल्या. माणूस सोफ्यावरून उठला, मला तेवढंच पुरे होतं.

डोंगरात पोचलो तरी माझा जप चालूच होता. हे दुर्बिणीतून समोरचा कडा न्याहाळत होते, आणि ताहर ह्यांच्या पाठीमागे, साइटवर अचानक तपासणीला आलेल्या मॅनेजरसारखा, आमचा दशम्यांचा डबा हुंगत होता.

मी डाव्या हातानं मागे दाखवलं.

"हो, गाडी लॉक केलीय," हे म्हणाले.

मी डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरली.

"नंदी? आज प्रदोष आहे का?"

मी हनुवटीखाली दाढी ओढून दाखवली. सोबत आणलेल्या आमच्या लेकीनं, इरानं, व्हिडिओ गेममधून क्षणभर मान वर केली. "आई, डू यू नीड अ वॉशरूम?"

ह्यांनी दुर्बीण खाली ठेवली. "कुठला ताहर नि काय. आपल्या नशिबात आता काही नाही. चला घरी."

तो सूर मला माहीत होता. तो थेट सोफ्यावर जाणार होता.

"अहो, मागे बघा!" मी ओरडले.

डोंगरानंही तेच ओरडून सांगितलं. ह्यांनी वळून पाहिलं तेव्हा नुसती शेपटी आणि घरंगळणारे दगड.

व्रत गेलं, बोकडही गेला. मी रडवेली झाले. पण हे मात्र त्या शेपटीबद्दल जे बोलायला लागले, ते अल नहदा येईपर्यंत थांबले नाहीत. शनिवारी सकाळी सोफा रिकामा होता; हे टेबलाशी बसून नोकरीचे अर्ज लिहीत होते.

आता नोकरी आहे, पाहुणे येतात, आणि ही मोहीम प्रत्येकाला ऐकावी लागते. जनावर दरवर्षी वाढतं. आधी शिंगं लांबली, मग गळून पडली, मग अंगावर ठिपके आले. यंदा त्याचा बिबट्या झालाय.

"खरंच का हो वहिनी?" पाहुणे मला विचारतात.

मी हळूच गोमुखीत हात घालते. हल्ली मी संध्याकाळचंही मौन धरलंय.