अस्वलिणीने मागितलेलं बटण

एका जंगलात वीज आली होती, बाळांनो. अक्कल मागाहून यायची होती.

त्या जंगलात मधुसूदन नावाचं एक अस्वल राहायचं. गुहा प्रशस्त, अंगावर केस भरपूर, डोक्यात मात्र मोकळी जागा. गुहेतल्या तारा घुशींनी कुरतडल्या होत्या. भिंतीला हात लागला की झटका बसायचा. म्हणून अस्वलाने नवीन वायरिंग करायचं ठरवलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने शहाणपणाने ठरवली, तीही पुढे बिघडवायला.

त्याच्या बायकोचं नाव भामा. तिचं मागणं साधं होतं.

"अहो, चुलीपाशी हाताशी दिव्याचं एक बटण बसवा. तिथे अंधार असतो. मागे पंजा भाजला माझा."

"बघू," अस्वल म्हणालं. बाळांनो, नवऱ्याने 'बघू' म्हटलं की तो दुसरीकडे बघत असतो.

सुतारपक्षी आला. त्याने खडूने खुणा केल्या आणि भिंती फोडायला घेतल्या. कुणाच्या घरी भिंत फुटली की शेजाऱ्यांना सल्ले फुटतात. तरस लगबगीने आलं.

"भिंती फोडल्याच आहेत, तर हातासरशी सगळंच करून घ्या," तरस म्हणालं. "पुन्हा पुन्हा कोण फोडतंय?"

आणि त्याने माकडाला बोलावून आणलं. माकड स्वतः झाडावर राहायचं, त्यामुळे ते घरांचं तज्ज्ञ होतं.

"बटणं? अहो भाऊसाहेब, बटणं आता कोल्ह्याच्या बिळातसुद्धा नसतात," माकड म्हणालं. "तुम्ही नुसतं बोलायचं. दिवा लागेल, पंखा फिरेल, दार उघडेल. घर तुमचं ऐकेल."

'ऐकेल' हा शब्द अस्वलाच्या काळजात घुसला. आजवर त्याचं कुणीच ऐकलं नव्हतं. बायको ऐकत होती, पण ते धरायची पद्धत नाही.

"आणि माझं बटण?" भामाने विचारलं.

"वहिनी, तोंड उघडलं की उजेड पडेल. बटण कशाला?" माकड म्हणालं.

"तुला यातलं काय कळतंय," अस्वल म्हणालं.

सुतारपक्ष्याने चुलीपाशी पाडलेली खाच पुन्हा लिंपून टाकली.

मग माकडाने विचारलं, "घराला हाक कोणत्या नावाने मारायची? ते नाव घेतल्याशिवाय घर काही करणार नाही."

"माझ्या नावाने," अस्वल म्हणालं. "मालक मी आहे."

आता खरं सांगा, बाळांनो. त्या जंगलात कुठली बायको नवऱ्याचं नाव घेत होती? भामाने लग्नात एकदा उखाण्यात घेतलं होतं, तेही मान खाली घालून. अस्वलाला हे माहीत होतं. तरसालाही माहीत होतं. पण कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण प्रश्न चुलीपाशी बसणारीचा होता.

काम झालं. सगळं जंगल बघायला आलं. अस्वल म्हणालं, "मधुसूदन, दिवा लाव." दिवा लागला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी अस्वल पाणवठ्यावर बढाया मारायला गेलं.

तिन्हीसांज झाली. भामाने चुलीवर तेल ठेवलं होतं. कढई दिसेना.

"अहो, दिवा लावा," ती म्हणाली. घर गप्प.

"ऐकलंत का?" घर गप्प. नवऱ्यावर गेलं होतं.

मग तिने पदर सावरला, भिंतीसमोर उभी राहिली आणि लाजत म्हणाली,

"चुलीवर तापलंय तेल, हाताला लागेना पळी,
मधुसूदनरावांचं नाव घेते, दिवा लागो या वेळी."

"समजलं नाही. पुन्हा सांगा," घर म्हणालं. त्याला नुसतं मधुसूदन शिकवलं होतं. राव लावलेलं नाव त्याला ओळखू येईना.

भामा अंधारात पळी चाचपायला गेली आणि तिचा पंजा कढईत पडला.

"मधुसूदन, मेल्या, दिवा लाव!" ती किंचाळली.

दिवा लागला. "जशी आज्ञा," घर म्हणालं. आभाळ काही कोसळलं नाही. भाजलेला पंजा पाण्यात धरून भामा त्या लिंपलेल्या जागेकडे बराच वेळ बघत बसली. मागच्या वेळी तिला नुसतं दुखलं होतं. या वेळी राग आला.

थोड्या वेळाने अस्वल परतलं. बरोबर तरस होतं, दार कसं उघडतं ते बघायला.

"मधुसूदन, दार उघड," अस्वल ऐटीत म्हणालं.

आतून भामाचा आवाज आला, "मधुसूदन, उघडू नकोस."

घराला आतलं आधी ऐकू जायचं. दार बंदच राहिलं.

अस्वलाचं तोंड उतरलं. "भामा, तू माझं नाव घेतलंस? तेही परक्यासमोर?"

"घेतलं. आणि बटण बसेपर्यंत घेणार आहे. चुलीपाशी भिंत फोडा."

"अगं, कालच तर रंग दिलाय. लोक काय..."

"मधुसूदन, गप्प बस."

घर गप्प बसलं. बाहेर अस्वलही गप्प बसलं. तरस मात्र धापा टाकत घरी पळालं, आपल्या बायकोला चुलीपाशी बटण हवंय का, ते विचारायला.

तात्पर्य : बायकोने मागितलेलं बटण तिला वेळेवर कधीही देऊ नये. दिलं असतं, तर बिचारी उजेडात मुकाट्याने भाकऱ्या थापत बसली असती, आणि घराचा मालक कोण, हे ठरायचं कायमचं राहून गेलं असतं.