बापूरावांचं पेट्रोल

पेट्रोल भरायला बापूराव एकटे कधीच जात नसत. त्यांना साक्षीदार लागे. लग्नाची बोलणी करायला निघालेला माणूससुद्धा एवढी तयारी करत नाही: धुतलेलं धोतर, वर कोट, कोटाच्या खिशात टीपकागदाचे तुकडे, काखेत खुणा पाडलेली सागवानी पट्टी आणि हातात सरकारी छाप मारून आणलेला पाच लिटरच्या मापाचा डबा.

मी मेहकरला हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्याला आठवडाही झाला नसेल. रविवारी भल्या सकाळी दारात उभे.

"मास्तर, मोकळे हाये का? चाला, पेट्रोल घ्याले."

मला वाटलं, नवीन माणसाला जीपमधून फिरवून आणतायत. पायात चपला सरकवल्या आणि निघालो. परत आलो तेव्हा माझी मान आखडली होती, कारण तासभर मी वर बघत उभा होतो.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि लिटर त्याहून नवा. लोक अजून गॅलनात विचार करायचे. मोटारस्टँडच्या पुढचा पंप हाताचा होता. वर शेजारी शेजारी काचेचे दोन जार. पंपावरचा वामन दांडा पुढंमागं करी, की जमिनीखालचं पेट्रोल एका जारात चढे. पाच लिटरच्या खुणेला टेकलं की खटका फिरवायचा. ते नळीतून गाडीत उतरे आणि तोवर दुसरा जार भरायला घेता येई. सगळं काचेतून लख्ख दिसे, त्यामुळं बाकीचं मेहकर निर्धास्त होतं. बापूराव नव्हते.

"दिसते थितंच फसवतेत," ते म्हणत. "न दिसनाऱ्या जागी मानूस हुशारच असते."

त्यांची जीप लष्कराच्या लिलावातली. तिची टाकी ड्रायव्हरच्या गादीखाली. म्हणजे पेट्रोल घ्यायचं तर चालवणाऱ्याला उतरावंच लागे. ही बापूरावांना फार मोठी सोय वाटायची. गाडीत बसून पेट्रोल घेणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून राग होता. "बसून जेवाव, उभ्यानं पेट्रोल घ्याव," असं ते सांगत.

आधी पट्टी टाकीत बुडवून जुनं पेट्रोल कुठवर आहे ते बघायचं. मग वामनकडून एक थेंब टीपकागदावर. कागद वाळेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. डाग राहिला नाही तर पेट्रोल चोख. तेलकट कडं उमटलं तर त्यात रॉकेल. पहिला जार मापाच्या डब्यात. तो बरोबर भरला तर पुढचे टाकीत. आणि तिथून खरं युद्ध. एकानं वरच्या जाराकडं बघायचं: फेस बसला का, पेट्रोल खुणेला टेकलं का, टेकायच्या आधीच खटका फिरला नाही ना. दुसऱ्यानं खालच्या नळीकडं: वरची काच पुरती रिकामी व्हायच्या आत नळी ओढली नाही ना. शेवटी नळीचं पोट उचलून धरायचं, म्हणजे आत राहिलेलं सगळं उतरतं.

"मानसाले डोळे दोन, पन नजर एकच," बापूराव म्हणायचे. "म्हनून मास्तर पायजे. तुमी वर पाहा, मी खाली पाह्यतो. आन् डोळ्यासमोर, बापा, डोळ्यासमोर!"

हे "डोळ्यासमोर, बापा!" ते इतक्या वेळा म्हणत, की गावातली पोरं त्यांच्या मागून तेच ओरडत जायची.

माझी पहिली ड्युटी वाईट गेली. जार भरत असताना आमचे हेडमास्तर सायकलवरून चालले होते. मी हात जोडले. तेवढ्यात खटका फिरला.

"हेडमास्तर पेट्रोल देनार हाये काय तुमाले?" बापूरावांनी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं. तो जार खुणेला टेकला होता की नाही यावर वामनशी अर्धा तास वाद झाला. शेवटी वामन कावला.

"टाकीले भोक तुमच्या, आन् चोर मी?"

यात थोडं तथ्य होतं. टाकी वरच्या अंगाला गंजली होती. सहा जारांच्या वर भरलं की पाझरायची. म्हणून तर सहा म्हणजे सहाच हवेत, असा बापूरावांचा हिशेब. खामगावला मोठे पंप आहेत, तिथं का भरत नाही, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"इथला चोर वळखीचा हाये, मास्तर. खामगावचा काऊन अंगावर घेऊ?"

वामनचा मात्र त्यांनी कधी द्वेष केला नाही. त्याच्या घरी बारसं झालं तेव्हा आहेर घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्याच पंपावर त्याच्याच हाताकडं डोळे वटारून उभे.

स्वतःपुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण अडाण्यांना शहाणं करून सोडायचं, हे त्यांनी व्रतच घेतलं होतं. ट्रकवाले, दवाखान्याचे डॉक्टर, कुणाचीही गाडी पंपाला लागलेली दिसली की हे हातातलं काम टाकून पोचत. एकदा जानेफळकडं निघालेली वऱ्हाडाची मोटार पेट्रोलला थांबली होती. मुहूर्त जवळ आलेला, वरबाप घामाघूम. बापूरावांनी दार उघडून नवरदेवालाच खाली उतरवला. बाशिंग बांधलेला तो पोरगा बिचारा मान वर करून जाराकडं बघत उभा राहिला आणि करवल्या तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

"आजपासून संसार तुमाले करायचा हाये," बापूराव त्याला बजावत होते. "पाहून घ्याची सवय आताच लावा."

लग्न वेळेवर लागलं की नाही, देव जाणे. पण तो नवरदेव पुढं कधी फसला नसणार याची मला खात्री आहे.

या सगळ्यात एक नियम मला कळत नव्हता. पंपावर कुणी घरची विचारपूस करायची नाही. पीकपाण्याचं बोला, राजकारणाचं बोला, ते नळीवरची नजर न काढता उत्तर देत. पण "घरी बरं आहे ना?" एवढं कुणी विचारलं की भडकत. "पंपावर घर काढाचं नाई!" घरी तसं होतंच कोण? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी, कमल, खामगावच्या पलीकडं पिंपळगाव राजाला दिलेली.

या नियमाचा उलगडा मला त्याच रस्त्यावर झाला. दिवाळीच्या सुट्टीत ते कमलला भेटायला निघाले आणि मलाही सोबत घेतलं. सहा जार डोळ्यासमोर भरले. वर मागच्या बाजूला मापाचा डबाही काठोकाठ भरून, झाकण दोरीनं बांधून ठेवला.

"सहा जारात जाऊन येऊन होतं की," मी म्हणालो.

"होते. एक डाव नाई झालं."

 जानेफळ मागं पडल्यावर ते आपणहून बोलायला लागले.

आमच्याकडं पद्धत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाही. कमलच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि तिची कूस अजून उजवली नव्हती. म्हणजे एवढी वर्षं बापूराव लेकीच्या घरी जात, आणि तिथून तहानलेले परत येत. दोन जेवणांच्या मधली वेळ गाठून जायचं, ओट्यावर टेकायचं, तोंड पाहायचं आणि कुणी ताटाची गोष्ट काढायच्या आत उठायचं.

"त्या दिशी वामन्यानं पाचवा जार भरता भरता इचारलं, कमलताई कशी हाये म्हने," बापूराव सांगत होते. "मी वरतं पाह्यनं सोडलं अन् त्याले सांगत बसलो. आपली पोरगी, कोनी इचारलं तं मानूस सांगतेच. तेवढ्यात त्यानं मारला हात. जार अर्धाही नसन. दोन दिस खामगावात कामाले फिरून कमलकडं गेलो, अन् गाडी बंद पडली कुठी? तं कमलच्या दारात."

जावई शेतावर होता. विहिरीवरचं इंजिन चालू करायला ठेवलेलं पेट्रोल त्याच्या खोपीत. तो संध्याकाळी परत आला तेव्हा ते मिळालं. त्यातलं थोडं टाकीत ओतत असताना कमलची सासू दारात येऊन हसत म्हणाली होती, "काऊन हो इवाई, आमचं पानी चालत नाई, अन् पेट्रोल चालते?"

मला हसू आलं. व्याह्या-विहिणीत अशी थट्टा चालायचीच. पण बापूरावांकडं पाहिलं आणि हसू गिळलं. चाकावरच्या त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या.

"थे हसून बोलली, मास्तर. पन पानी काऊन चालत नाई, हे त्या घरात साऱ्याईले ठाऊक हाये. माह्यापायी थे गोष्ट निंघाली. पोरगी खाली मान घालून उभी होती. तवापासून ठरवलं, जीव गेला तरी चालन, पन थेंब कमी घेनार नाई."

त्यांचा सगळा वेडेपणा मला त्या क्षणी समजला, आणि खरं सांगतो, गावातल्या ज्या ज्या लोकांबरोबर मी त्यांना हसलो होतो त्या सगळ्यांचा मला राग आला.

"मग त्या दिवशी दुपारभर तुम्ही कमलशी काय बोललात?" मी विचारलं.

"काय बोलनार? मी तं टाकीतच पाहून राह्यलो होतो."

पिंपळगावला पोचलो. व्याह्यांचं घर चांगलं खातंपितं, ओट्यावर कपाशीचा ढीग. बापूरावांनी ओट्याच्या अगदी कडेला बूड टेकवलं. कमल आली. बारीक चणीची, बापासारख्या ठसठशीत भुवयांची. पोरीनं पाया पडायला वाकावं आणि बापानं "बरी हाये नं?" म्हणावं, तिनं "हाव" म्हणावं, एवढंच संभाषण. मला चहा आला. बापूराव आपल्या सुरईतलं पाणी प्यायले आणि डब्याची दोरी सैल झाली का बघायला जीपकडं गेले.

कमल माझ्या कपबशीसाठी थांबली होती. हळूच म्हणाली, "मास्तरकाका, बाबाईले एक सांगसान? पेट्रोल थोडं कमी आनत जा म्हना."

"कमी?" मी विचारलं.

"मांगं गाडी बंद पडली होती, तवा दुपारभर होते. मी कपाशी निवडत बसली अन् थे निंबाखाली. बोलले काई नाई, पन होते. लगन झाल्यापासून तेवढंच." तिनं जीपकडं पाहिलं. "आता तं डबाही संग आनतेत."

"आणि सासूबाई? त्या बोलल्या होत्या म्हणे."

"थ्या? थ्या तं रोज इचारतेत, तुह्या बापाले आमच्या घरी काटे टोचतेत काय म्हनून."

तेवढ्यात बापूरावांनी जीप सुरू केली. मी चढलो. कमल दारात उभी होती, आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत ती आत गेली नाही.

खामगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही वाढवलंही नाही. ते ऐकत गाडी चालवत राहिले. मला वाटलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. मग एका बाभळीपाशी त्यांनी जीप थांबवली.

"खुश होती म्हनते त्या दिशी?"

"हो."

"गाडी बंद पडली म्हनून?"

"तुम्ही थांबलात म्हणून."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.  तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, बहुतेक स्वतःलाच शिवी दिली. मग त्यांनी जीप मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली आणि पिंपळगावच्या दिशेनं तोंड केलं. रस्ता अरुंद होता आणि चाक जड, पण त्यांनी मला उतरूसुद्धा दिलं नाही.

आम्ही परत दारात आलो तेव्हा विहीणबाई अंगण झाडत होत्या. कमल धावत बाहेर आली. काही वाईट बातमी असावी असं तिला वाटलं, तिचा चेहरा उतरला. विहीणबाईंनी झाडू टेकवला.

"काय राह्यलं, इवाई? काय इसरले?"

बापूराव खाली उतरले. या वेळी ओट्याच्या कडेला नाही, पार भिंतीला टेकून, पाय पसरून बसले आणि कपाशीची दोन बोंडं पुढं ओढली.

"काई नाई राह्यलं, ईनबाई," ते म्हणाले. "बसाले आलो."