तिकीट काढणारा नवरा

आमच्या शेजारच्या वसंतअण्णांना गारवा सोसत नाही. पंखा दोनवर गेला की शिंका सुरू. आणि हा गृहस्थ बायकोला घेऊन कुठंही निघाला की एसी बससाठी अडून बसायचा! साध्या बस एकामागून एक निघून जात आणि हे थांब्यावर भर उन्हात कानटोपी घालून, मफलर गुंडाळून उभे.

कारण सरळ होतं. आमच्याकडे कर्नाटकात सरकारनं बायकांना साधी बस फुकट केली. आधार कार्ड दाखवा, शून्याचं तिकीट घ्या, बसा. एसी बसला मात्र बाईलाही तिकीट पडतं. आणि बायकोचं तिकीट नवऱ्यानंच काढायचं, हा अण्णांचा धर्म.

"सरकारनं माझी नोकरी खाल्ली ओ वहिनी," ते मला म्हणाले.

यशवंतपूरच्या कारखान्यातून अण्णा रीतसर निवृत्त झालेत. ही नोकरी वेगळी. बेंगळुरूच्या बसमध्ये बायका पुढं, पुरुष मागं. लग्न झाल्यापासून अण्णा मागून कंडक्टरला ओरडून सांगत आले, "मुंदे ओब्बरु लेडीज!" म्हणजे, पुढं माझी एक बाई आहे, तिचंही घे. सगळी बस माना वळवून ती बाई शोधायची. ती बाई, म्हणजे आमच्या सुमनअक्का, खिडकीबाहेर बघायच्या.

अण्णा मूळचे निपाणीचे. भांडण मराठीत काढतात, कन्नडमध्ये संपवतात. बस फुकट झाली त्या आठवड्यात कंडक्टरला म्हणाले, "हिला फुकट न्यायला ही काय बेवारशी आहे?" कंडक्टर शिट्टी फुंकून पुढं गेला.

मी पोट धरून हसले. हसणारी मी तरी कोण मोठी! मी राज्यशास्त्रातली एम.ए. तरुणपणी महिला मंडळात स्त्रीस्वातंत्र्यावर टेबल बडवून भाषणं ठोकायची, आणि भाषण झालं की हॉलच्या पायरीवर बसून राहायची. घरी कुठली बस जाते ते आमच्या ह्यांना ठाऊक! ह्यांना उशीर झाला की स्वातंत्र्य आपलं मांडीवर पर्स घेऊन पायरीवर. मघाशी टाळ्या वाजवणाऱ्या बायकाही शेजारीच, आपापल्या ह्यांची वाट बघत.

तर एसीनं अण्णांना सर्दी केली आणि बरोबर जाणं बंद पडलं. अक्कांनी मुकाट्यानं कार्ड पर्समध्ये टाकलं आणि साध्या बसनं एकट्याच देवनहळ्ळीला, धाकट्या बहिणीकडे गेल्या. ती बहीण, साळू, आजवर फक्त लग्नकार्यात भेटायची, तेही अण्णांना सवड असली तर. आता अक्का मंगळवारी गेल्या, गुरुवारी गेल्या, मग बहुतेक रोजच जायला लागल्या.

"रोज रोज काय असतंय गं बोलायला?" अण्णांनी जिन्यात विचारलं.

"इतकी वर्षं बोलायचं राहिलंय ते."

"माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दलचं कवाच संपलं. आता आमचं चाललंय."

अण्णा तडक माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही एम.ए. सरकारला लिहा. घरात नवरा असलेल्या बाईला बसमध्ये घेऊ नका म्हणावं."

"का? जेवण करून ठेवत नाही का ती?"

"सगळं झाकून ठेवती."

"मग?"

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "झाकलेलं उघडून एकटंच खायला जीव होत न्हाई ओ. मी रिकामा झालो आणि हिला बस मिळाली."

"मग तिलाच सांगा, जाऊ नको म्हणून."

"छे! हसत येती ओ घरला. जिन्यातनं गुणगुणत येती. ते कसं बंद करू?"

मी बिस्किटांची बशी पुढं सरकवली. मग म्हटलं, "विचारा तिला, येऊ का म्हणून."

"मी? विचारू?" बांगड्या भरा म्हटलं असतं तरी एवढे दचकले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं. समोर अक्का चपला घालत होत्या. मागं अण्णा, इस्त्रीचा शर्ट घालून उभे. घसा खाकरून ते जिन्याच्या कठड्याला म्हणाले, "साळूकडं... मी आलेलं चालंल काय?"

अक्का थांबल्या. माहेरी जाऊ का, बाजारात जाऊ का, हे आम्ही जन्मभर विचारलं. आपल्याला कुणी विचारलेलं ऐकायची सवयच नव्हती.

"आम्ही बोलताना मधे तोंड घालायचं न्हाई."

"न्हाई."

"आणि चल चल करायचं न्हाई. मी उठीन तवा उठायचं."

"सरी, सरी," अण्णांनी कन्नडमध्ये कबूल केलं.

अक्कांनी त्यांच्या शर्टाचं चुकलेलं बटण सोडून नीट लावलं आणि जिना उतरायला लागल्या. अर्ध्यावरून त्यांचा आवाज आला, "पाण्याची बाटली घ्या, साळूच्या लिंबाच्या लोणच्यानं ठसका लागंल."

अण्णा धावत घरात गेले, बाटली घेतली आणि तसेच धावत खाली गेले. एवढ्या घाईत की दार सताड उघडंच राहिलं. मी जाऊन ओढून घेतलं.